शकुंतलेचे इंजिन आणि बांबूची कमची

यवतमाळ–मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावर अखेरच्या काळात मोजकी सात माणसे गाडीचा सगळा कारभार ओढत होती. तिकिटे देणे, सिग्नल पाडणे आणि शेवटच्या स्टेशनावर इंजिन डब्यांपासून सोडवणे, सगळे हातानेच चाले. या मार्गावरच्या ‘शकुंतला’ गाडीबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले. तिची संथ चाल, तिची मालकी, लिव्हरपूलचा शिक्का मिरवणारे १८९५चे सिग्नल हे वाचकांना ठाऊक आहे. इंजिन सोडवणाऱ्या माणसाकडे मात्र फारसे कुणी वळून पाहिले नाही. रेल्वे जितकी जुनी तितकेच हे काम जुने, आणि जगभर कित्येकांची बोटे या कामाने खाल्ली.

याच कामाचे एक धाकटे रूप घरातल्या टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेत चालते. तिथे डबा वीतभर लांब आणि कपलिंग जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे असते, आणि ते सोडवायला बोट पुरत नाही. मग हौशी माणसे बांबूची काडी, दाभण, तारेचा तुकडा, जुने व्हिजिटिंग कार्ड असे हाताशी येईल ते घेऊन अवजार बनवतात. मोठ्या गाडीतला माणूस आणि टेबलावरची काडी यांचा इतिहास एकाच धाग्याचा आहे, आणि तो धागा यवतमाळच्या कापसापासून उलगडता येतो.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कपाशीला एकाएकी भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेची मुख्य वाट मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. पण या वाटेच्या दक्षिणेचा मुलूख रुळांपासून लांबच राहिला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा सरकारी दप्तरात वणीच्या नावावरून ‘वुन’ जिल्हा होता. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. दारव्हा, यवतमाळ इकडच्या शेतकऱ्याची कपाशी बंड्यांवर लादून कच्च्या वाटेने मुख्य मार्गापर्यंत न्यावी लागे. पावसाने वाट चिखलात गेली की माल अडकलाच.

मुंबईतल्या किलिक, निक्सन आणि कंपनीने ही अडचण हेरली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली आणि १९१६ पर्यंत मूर्तिजापूरच्या एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर अशी वाट तयार झाली. अचलपूरची फांदी ७६ किलोमीटरची. रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. रूळ अरुंद, वळणे आवळ, पूल हलके, त्यामुळे खर्च कमी. जिन आणि प्रेसमधून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरला यायच्या, तिथे मोठ्या गाडीत चढायच्या आणि मुंबईच्या बंदराकडे निघायच्या. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी, त्यामुळे डबाच पुढे ढकलण्याची सोय नव्हती. प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे.

शकुंतला ‘अजून इंग्रजांच्या मालकीची’ हे वाक्य वर्षानुवर्षे छापले गेले. वस्तुस्थिती इतकी चटकदार नाही. मार्ग खासगी कंपनीचा राहिला, गाडी आधी जीआयपीने आणि पुढे मध्य रेल्वेने करारावर चालवली, हे खरे. पण स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सनच भारतीय हातांत आली होती. मालकीच्या या चर्चेत माणसे मागे पडली, हे या गाडीच्या आठवणींचे मोठे नुकसान आहे.

मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. ज्या गावात आपला कापूस जात होता त्याच गावातून आलेल्या इंजिनाने सत्तर वर्षे ही गाडी ओढली. त्याच्या जागी डिझेल आले. इंजिन बदलले, तरी टोकाच्या स्टेशनावरचे काम बदलले नाही.

ते काम असे. गाडी शेवटच्या स्टेशनात शिरते तेव्हा इंजिन पुढे असते. परतीच्या प्रवासाला ते दुसऱ्या टोकाला यायला हवे. गाडी थांबली तरी इंजिन आणि पहिला डबा यांच्यात ताण असतो, आणि ताणलेले कपलिंग हाताने निघत नाही. म्हणून ड्रायव्हर इंजिन किंचित मागे घेतो, बफर दाबले जातात, कपलिंग सैल पडते. आता माणूस इंजिन आणि डब्याच्या मधल्या फटीत शिरतो. ब्रेकची नळी अलग करतो, कपलिंग उचलून सोडवतो, बाहेर येतो आणि हिरवी झेंडी दाखवतो. इंजिन सुटे होऊन पुढे जाते, सांध्याचा लिव्हर ओढला जातो, लूप लाइनवरून इंजिन मागच्या टोकाला येऊन पुन्हा जोडले जाते. सगळी मदार त्या मधल्या क्षणावर असते. माणूस फटीत असताना इंजिन हलता कामा नये. ड्रायव्हर आणि खालचा माणूस एकमेकांना किती ओळखतात यावर जीव अवलंबून असायचा, आणि सात जणांच्या तुकडीत ती ओळख घट्ट होती.

भारतातल्या नॅरोगेज गाड्यांना ब्रॉडगेजच्या जुन्या डब्यांसारखे दोन बाजूंना दोन बफर नसतात. मध्यभागी एकच बफर, त्यालाच जोडणी. डबे हलके आणि वळणे आवळ असल्यामुळे ही रचना सोयीची. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ज्या ब्रिटिश घडणीची होती, तिच्यात आकडा आणि साखळी हा जोडणीचा पाया होता. पुढे साखळीच्या मध्यात स्क्रू आला. दांडा फिरवून जोडणी आवळता यायची, त्यामुळे प्रवाशांना बसणारे हिसके कमी झाले. पण आवळायला आणि सोडवायला माणूस दोन डब्यांच्या मध्ये जातच राहिला.

अमेरिकेत ही गोष्ट आधी असह्य झाली. तिथे मालगाड्या लोखंडी कडी आणि खिळ्याने जोडत. डबा येऊन टेकत असताना कडी हाताने नेमकी भोकात धरायची आणि वरून खिळा टाकायचा. हात काढायला पळभर उशीर झाला की बोटे गेली. जुन्या ब्रेकमनची ओळख त्याच्या तुटक्या बोटांवरून पटते असे तिकडे म्हटले जाई. व्हर्जिनियात एका कापडदुकानात कारकुनी करणाऱ्या एली जेनी या माजी सैनिकाने लाकूड कोरून एक नमुना तयार केला. वाकवलेल्या बोटांनी दोन हात एकमेकांत अडकवावेत तशी ती जोडणी होती. डबे एकमेकांवर टेकले की ती आपोआप बंद व्हायची आणि बाजूला उभे राहून दांड्याने उघडता यायची. २९ एप्रिल १८७३ रोजी त्याला पेटंट मिळाले. रेल्वे कंपन्यांनी ते लगेच उचलले नाही. नव्या कपलिंगला पैसे लागत होते आणि माणसे स्वस्त होती. १८९३ मध्ये कायदा होऊन स्वयंचलित कपलिंग सक्तीचे झाले, तेव्हा कुठे चित्र पालटू लागले. शोध लागल्यापासून सक्ती होईपर्यंतची ती वीस वर्षे रेल्वेच्या इतिहासातली लाजिरवाणी वर्षे आहेत.

जेनीच्या कपलिंगचा वंशज आज यवतमाळ जिल्ह्यातच रोज पाहायला मिळतो, पण जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. वणी परिसर कोळशाचा. तिथून ब्रॉडगेजच्या मालगाड्या कोळसा घेऊन निघतात आणि त्या वाघिणींना मधोमध जाडजूड कपलिंग असते. रेल्वेचे लोक त्याला सीबीसी, म्हणजे सेंटर बफर कपलर, म्हणतात. भारतात ते १९६०च्या सुमारास कोळसा आणि खनिजाच्या वाघिणींवर आले, कारण स्क्रू कपलिंग तेवढ्या लांब आणि जड गाडीचा ओढा सोसू शकत नव्हते. सोडवायचे तर वाघिणीच्या कोपऱ्यातला दांडा उचलायचा. जबड्याला अडकवून ठेवणारी कडी वर जाते आणि जबडा उघडतो. माणूस दोन वाघिणींच्या मध्ये न जाता बाजूला उभा. एकाच जिल्ह्यात वणीला बाहेरून उचलायचा दांडा होता आणि यवतमाळच्या स्टेशनात, त्याच वर्षांत, माणूस फटीत शिरून हाताने इंजिन सोडवत होता.

छोट्या रेल्वेचा प्रवासही याच वाटेने झाला. जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातली गाडी मांडली. पुढे गाड्या लहान होत गेल्या आणि १६.५ मिलिमीटर रुंदीचे रूळ रुळले. आज सर्वाधिक चालणारे माप एचओ, म्हणजे मूळ गाडीच्या १:८७. कपलिंगही लहान झाले आणि तिथे एक अडचण निर्माण झाली. खऱ्या गाडीचे कपलिंग अनेक किलो वजनाचे असते, ते स्वतःच्या भाराने खाली पडून अडकते. टेबलावरच्या कपलिंगला वजनच नसते. म्हणून प्रत्येक कंपनीने आपापला आकडा काढला. ब्रिटिश गाड्यांवर रुंद आडव्या पट्टीवर टेकणारा आकडा, न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीच्या इवल्या एन मापाच्या गाड्यांवर चौकोनी जबडा. दिसायला हे खऱ्यासारखे नव्हते, पण चालत होते.

खऱ्याच्या सर्वांत जवळ गेले ते अमेरिकेतल्या ऑरेगनमधले जुळे भाऊ कीथ आणि डेल एडवर्ड्स. त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून कंपनीचे नाव केडी पडले. १९६०च्या सुमारास त्यांचे चुंबकाने उघडणारे कपलिंग बाजारात आले. जेनीचा जबडा जसाच्या तसा, फक्त सूक्ष्म. त्याच्या खाली पोलादी तारेचा एक वाकडा पाय लोंबतो, तो ब्रेकच्या नळीसारखा दिसतो आणि खरे कामही तोच करतो. रुळांच्या मध्ये चुंबक बसवला की दोन कपलिंगचे दोन पाय विरुद्ध बाजूंना ओढले जातात आणि जबडे उघडतात. मात्र डबे नेमके चुंबकावर थांबायला हवेत आणि जोडणी सैल असायला हवी. यार्डात दहा ठिकाणी डबे सोडायचे तर दहा चुंबक कुठे पुरायचे? म्हणून बहुतेक हौशी माणसे शेवटी हातातल्या काडीवरच येतात.

महाराष्ट्रात छोट्या रेल्वेचे सर्वांत ठळक ठिकाण पुण्यात कोथरूडला आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून १ एप्रिल १९९८ रोजी तिथे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. सिग्नल, पूल, रस्ते, वस्ती यांच्यामधून धावणाऱ्या गाड्या पाहून अनेक मराठी मुलांना हे वेड लागले. यवतमाळकरांना अधिक जवळचे म्हणजे नागपूरच्या मोतीबागेतले नॅरोगेज रेल संग्रहालय. २००२ मध्ये उघडलेल्या या जागेत अडीच फुटी रुळांवरची खरी इंजिने आणि डबे हात लावून पाहता येतात. ज्याला मॉडेल बनवायचे आहे त्याने टेप आणि वही घेऊन आधी तिथे जावे.

शकुंतलेचे मॉडेल करायला एक मोठी सोय आपसूकच जुळून आली आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये ते १९.३ मिलिमीटर होते, पण बाजारात मिळणारे रूळ १६.५चे. म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचे मॉडेल जरा अरुंद रुळांवर उभे करावे लागते. शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर मात्र १:८७ ने भागले की ८.७६ येतात, आणि एन मापाचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. फरक पाव मिलिमीटरचा. एन मापाच्या चाकांवर १:८७चा डबा चढवला की वऱ्हाडची गाडी तयार. मग सगळी ११३ किलोमीटरची वाट या मापात १.३ किलोमीटर भरते. एका खोलीत यवतमाळचे स्टेशन, दारव्हा मोतीबाग आणि एखादे जिन-प्रेसचे साईडिंग एवढे बसवले तरी खूप झाले.

अशी गाडी परदेशातून मागवणे इथल्या मध्यमवर्गीय घराला झेपणारे नाही. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. स्केल मॉडेलही याच वर्गात मोडतात. डबे, इंजिन तर विकतच घ्यावे लागतात. निदान अवजारे तरी घरी बनवावीत, हा हिशेब सरळ आहे.

केडीसारख्या कपलिंगसाठी सर्वांत चांगले अवजार बांबूचे. कबाब भाजायला मिळणारी साधारण तीन मिलिमीटर जाडीची काडी चालते, नाहीतर बुरुडाकडून टोपलीसाठी फाडलेली एखादी कमची मागून घ्यावी. बांबूचा धागा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावतो, म्हणून टोक बारीक केले तरी काडी मोडत नाही. कपाशीची काडी, म्हणजे पऱ्हाटी, कितीही सुकली तरी या कामाला ठिसूळ पडते. टोकाचा गोलवा पॉलिश पेपरवर दोन्ही बाजूंनी घासून चपटा करायचा, छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या पात्यासारखा, रुंदी दीड मिलिमीटरच्या आसपास. खालचा कोपरा हलकाच गोल करायचा, म्हणजे जबड्यात शिरताना अडत नाही. वर नेलपॉलिशचा एक हात दिला की तंतू सुटत नाहीत. दुसऱ्या टोकाला सुताचे वेढे दिले तर पकड चांगली बसते. काडी वरून सरळ दोन जबड्यांच्या मध्ये उतरवायची आणि पाव फेरा द्यायचा. जबडे उघडतात. ओढायचे नाही, दाबायचे नाही. दाबले तर वीतभर डबा रुळावरून उतरतो.

पोत्याला शिवण घालायचे दाभण यवतमाळच्या बाजारात सहज मिळते आणि त्याचे टोकही नेमके असते, म्हणून पहिल्यांदा हात त्याकडेच जातो. पण टेबलावरच्या गाडीला वीज रुळांतूनच मिळते, साधारण १२ व्होल्ट. एक रूळ धन, एक ऋण. लोखंडी दाभण घसरून दोन्ही रुळांना टेकले की शॉर्ट. शिवाय चुंबकाजवळ राहून दाभणच चुंबकासारखे झाले तर चुंबकाने उघडणाऱ्या कपलिंगचे पोलादी पाय त्याला चिकटू पाहतात. दाभण वापरायचेच असेल तर टोकाचा थोडा भाग सोडून बाकी सगळे टेपने झाकावे.

एन मापाच्या चाकांवर गाडी केली तर बहुधा आर्नोल्डचे चौकोनी जबडे पदरी पडतात, आणि तिथे फिरवण्याचा उपयोग नाही. एक जबडा खालून वर उचलावा लागतो. त्यासाठी जुन्या व्हिजिटिंग कार्डाची किंवा प्लास्टिकच्या फाइल कव्हरची अरुंद पट्टी एका टोकाला वाकवून इंग्रजी एलसारखी करतात आणि बांबूच्या दांडीला चिकटवतात. पट्टी बाजूने आत सरकवायची, जबड्याखाली टेकवायची, वर उचलायची. ब्रिटिश आकड्यांनाही हीच पट्टी, थोडी रुंद करून. क्रोशाची बारीक सुई काहींना याहून सोयीची वाटते. केडीच्या कपलिंगसाठी आइस्क्रीमच्या दोन काड्यांच्या टोकांना छोटे चुंबक चिकटवून केलेला चिमटाही चालतो, पण शेजारच्या डब्याचे कपलिंगही उघडण्याची खोड त्याला असते. यार्डाच्या मागच्या रुळांवर उजेड पुरत नाही, तिथे किल्लीच्या जुडग्यातला छोटा टॉर्च काडीला टेपने बांधतात.

खऱ्या शकुंतलेचे भवितव्य कागदांवर फिरत राहिले. २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी हा मार्ग ब्रॉडगेज करण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची घोषणा केली. यवतमाळला येणारी ब्रॉडगेज मात्र दुसऱ्याच दिशेने, वर्ध्याकडून, सरकते आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी यवतमाळच्या कार्यक्रमात वर्धा–कळंब टप्प्याचे उद्घाटन केले. ही वाट पुढे यवतमाळवरून नांदेडला जायची आहे. अडीच फुटी गाडीची मापे, तिच्या कपलिंगची उंची, डब्यांच्या टोकांची मांडणी, लूप लाइनची लांबी हे सगळे आता मोजून ठेवले नाही तर पुढे जुन्या फोटोंवरून अंदाज बांधावा लागेल. या मार्गावर इंजिन सोडवणारी माणसे निवृत्त होऊन मूर्तिजापूर, दारव्हा, यवतमाळ परिसरातच असणार. हात कुठे धरायचा, केव्हा बाहेर यायचे, हे कोणत्याही नकाशात सापडत नाही. ते त्यांनाच विचारायला हवे.

मॉडेल करणाऱ्यालाही ही माहिती हवीच असते. यवतमाळचे स्टेशन दोन मीटर लांबीच्या फळीवर मांडता येते: फलाटाची एक वाट, शेजारी लूप, मागे प्रेसचे साईडिंग. गाडी आली की आधी इंजिन सोडवून लूपवरून मागे आणायचे. गाठींचा रिकामा डबा साईडिंगला टाकायचा असेल तर क्रम तोच राहतो. इंजिनाने थोडे मागे दाबायचे, कपलिंग सैल पडले की काडी वरून उतरवायची, पाव फेरा द्यायचा, काडी बाहेर काढायची, आणि मगच कंट्रोलरचा खटका पुढे फिरवायचा.